समुपदेशकांच्या इंटर्नशिपचे तास कुणी तपासायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मधल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लासेस या सगळ्यांना आता अशी माणसे शोधावी लागणार. मिळतील त्यांतले बरेच जण नुकतेच एम.ए. किंवा समुपदेशनाची पदविका संपवून आलेले असतील आणि त्यांच्या फाइलमध्ये इंटर्नशिपचे एक प्रमाणपत्र असेल. ‘अमुक तास समाधानकारकरीत्या पूर्ण केले’ एवढेच त्यावर लिहिलेले असते. त्या तासांत उमेदवाराने काय केले आणि ते समाधानकारक होते हे कुणी, कशावरून ठरवले, याचा पत्ता त्यातून लागत नाही. इंटर्नच्या कामाचे सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख आणि मार्गदर्शन, करणारे आम्ही काही जण त्याबद्दलच लिहीत आहोत.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. समुपदेशकांसाठी तशी घडी आजवर बसलेली नव्हती. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना वर्तन-आरोग्य या गटात घेतले आणि राज्य परिषदांची तरतूद केली. त्याच कायद्याच्या आधारे यूजीसीने 2025-26 पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. वर्गात बसणे सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण समुपदेशक घडतो तो क्लायंटसमोर, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या माणसासमोर, बसून आणि त्यानंतर सुपरव्हायझरसमोर बसून, आणि नेमका तोच भाग आज प्रत्येक संस्था आपापल्या सोयीने चालवते. समाजमाध्यमांवर पंधरा दिवसांच्या, शुल्क भरून करायच्या ऑनलाइन इंटर्नशिपच्या जाहिराती दिसतात. त्यांत इंटर्न एकाही क्लायंटशी बोलत नाही, फक्त व्याख्याने ऐकतो. तरी अशा आणि प्रत्यक्ष क्लायंटबरोबर केलेल्या, दोन्ही इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रांवर शब्द एकच असतो: इंटर्नशिप.

आधी तासांचे बघू. अमेरिकेत कॅक्रेप या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत प्रॅक्टिकम, म्हणजे इंटर्नशिपआधीचे प्रात्यक्षिक, 100 तासांचे असते आणि त्यातले किमान 40 तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर द्यावे लागतात. पुढे इंटर्नशिप 600 तासांची, त्यात प्रत्यक्ष 240. म्हणजे दोन्हीकडे चाळीस टक्के. शिवाय आठवड्याला सरासरी एक तास सुपरव्हिजन एकट्याने किंवा दोघांत, आणि दीड तास गटात. हे आकडे जसेच्या तसे इथे आणा असे आम्ही म्हणत नाही. घ्यायची ती त्यामागची पद्धत: एकूण तास वेगळे, प्रत्यक्ष तास वेगळे आणि सुपरव्हिजनचे तास वेगळे मोजायचे. आपल्याकडच्या लॉगबुकमध्ये शाळेतल्या कार्यशाळेत खुर्च्या मांडल्याचे दोन तास आणि आत्महत्येचा विचार करणाऱ्या मुलीबरोबरचा पाऊण तास एकाच रकान्यात बेरजेला लागतात.

आमच्या अनुभवात सहा महिन्यांत 300 तास बसवता येतात. चोवीस आठवडे, आठवड्याला साडेबारा तास. त्यात प्रत्यक्ष सेशन 120 तास, म्हणजे आठवड्याला पाच. वैयक्तिक सुपरव्हिजन आठवड्याला एक तास, एकूण 24. गटात दीड तास, एकूण 36. प्रत्येक सेशननंतर नोंदीसाठी वीस मिनिटे धरली तर 40 तास. उरलेल्या 80 तासांत पहिल्या भेटीची माहिती घेणे, निरीक्षण, पालकसभा, वाचन, रेफर केलेल्या केसचा पाठपुरावा. पाच सेशन व्हायची असतील तर सात जणांना वेळ द्यावी लागते, कारण ठरलेल्यांपैकी एक-दोन जण येत नाहीत. परीक्षा आणि सुट्ट्यांचे आठवडे चोवीसमध्ये धरायचे नाहीत. हे गणित जूनमध्येच मांडले नाही, की फेब्रुवारीत तास भरण्याची धावपळ सुरू होते. मग एकाच दिवशी आठ-आठ सेशन लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर इंटर्नला समोरच्याचे शब्द नुसते ऐकू येतात, पोचत नाहीत.

क्लायंटसमोर बसवण्याआधी इंटर्नला काही गोष्टी आल्याच पाहिजेत. लेखी परीक्षेतले गुण त्यासाठी उपयोगाचे नाहीत. ध्वनिमुद्रित रोल-प्ले (भूमिका वठवून केलेला सराव) घ्यावेत, किमान तीन: एक साध्या पहिल्या भेटीचा, एक गप्प बसणाऱ्या क्लायंटचा आणि एक आत्महत्येच्या धोक्याचा. तिसऱ्यात जो अडखळतो त्याला आणखी सराव द्यावा, क्लायंट देऊ नये. सुपरव्हायझरचा नंबर, तो उचलला नाही तर दुसरा नंबर, जवळच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, लहान मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे सगळे एका कागदावर खोलीत लावलेले असावे. फोनमध्ये सेव्ह केलेले पुरत नाही. वेळ आली की हात थरथरतात आणि कॉन्टॅक्ट सापडत नाही.

गोपनीयतेची मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत सांगायची, ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. मुलाचा विश्वास मिळवण्याच्या ओघात इंटर्न बोलून जाते, ‘तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही.’ दहा मिनिटांनी मूल घरातल्या एखाद्या माणसाकडून होणारा लैंगिक छळ सांगते. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते, आणि न देणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा आहे. आता एक तर कायदा मोडायचा, नाही तर मुलाला दिलेला शब्द. दोन्हीत मूलच भरडले जाते. आम्ही इंटर्नला हे वाक्य पाठ करायला लावतो: ‘तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला ते दुसऱ्या एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. कुणाला आणि काय सांगणार ते मी आधी तुला सांगेन.’ हे एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते.

मूल्यमापन कशावर करायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आज बहुतेक ठिकाणी ते हजेरी, वक्तशीरपणा, केस रिपोर्टची बांधणी आणि तोंडी परीक्षा यांवर होते. केस रिपोर्ट हा सेशन झाल्यावर, घरी, नीट विचार करून लिहिलेला असतो. सेशनमध्ये काय झाले यापेक्षा काय व्हायला हवे होते, तेच त्यात उतरते. म्हणून सुपरव्हायझरने सेशन ऐकले पाहिजे. क्लायंटची लेखी संमती घेऊन ध्वनिमुद्रण करावे, नकार दिला तरी सेवेत फरक पडणार नाही हे त्यात स्पष्ट लिहावे आणि सुपरव्हिजन झाले की ते पुसून टाकावे. फाइल इंटर्नच्या खासगी फोनवर कधीच ठेवू नये. क्लायंट नको म्हणाला तर त्याच दिवशी आठवून दहा मिनिटांचे व्हर्बेटिम, म्हणजे शब्दशः संवाद, लिहावे: डावीकडे क्लायंट काय म्हणाला, मध्ये मी काय म्हणाले, उजवीकडे त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते.

व्हर्बेटिममध्ये काय दिसते ते एका तुकड्यावरून कळेल. हा कुणा क्लायंटचा नाही, शिकवण्यासाठी तयार केलेला आहे. पण अशी देवाणघेवाण वरचेवर वाचायला मिळते.

क्लायंट: आता काही करावंसंच वाटत नाही. सकाळ झाली की वाटतं, कशाला उठायचं?
इंटर्न: असं नका म्हणू ताई. तुम्हाला दोन गोड मुलं आहेत. त्यांच्यासाठी तरी.
क्लायंट: हो, ते आहेच.
इंटर्न: मग सकाळी थोडं चालायला जाऊन बघूया का?

वरवर पाहता यात काहीच वावगे नाही. आवाज प्रेमळ आहे, सल्लाही चांगला आहे. पण ‘हो, ते आहेच’ इथे दार बंद झाले. मुलांची आठवण करून दिल्यावर बाईंना कळले की हे इथे बोलायचे नाही, बोलले तर आपण वाईट आई ठरतो. ‘कशाला उठायचं’ हे वाक्य थकव्याचे असेल, नैराश्याचे असेल किंवा जीव द्यायच्या विचाराचे. विचारल्याशिवाय कळणार नाही. तिथे विचारायला हवे होते, ‘कशाला उठायचं असं वाटतं तेव्हा जगण्याचाही कंटाळा येतो का? जीव द्यावा असं कधी मनात येतं का?’ आणि उत्तर ‘हो’ आले तर कधीपासून, किती वेळा, कसे करायचे ते ठरवले आहे का, त्यासाठी लागणारे घरात काही आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का. शेतीवाडीच्या घरात फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे हे विचारायचेच. असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती इंटर्नमध्येच नाही, शिक्षकांमध्येही आहे. ती खरी नाही. विचारल्यावर बहुतेक माणसे सुटकेचा श्वास टाकतात, कारण इतके दिवस हे कुणी विचारलेलेच नसते. पोलीस केस होईल ही भीतीही काढून टाकावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र तणावाखाली होती असेच धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही.

हा तुकडा केस रिपोर्टमध्ये असा येतो: ‘क्लायंटने उत्साह कमी झाल्याची तक्रार केली. आधार देण्यात आला. दिनचर्येबाबत मार्गदर्शन केले.’ यावर दहापैकी आठ गुण मिळतात.

प्रश्नावल्यांचेही तसेच होते. पीएचक्यू-9 या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, बेरीज 27 पर्यंत. इंटर्न बेरीज अचूक करते. 7 आले, सौम्य, फाइल बंद. पण नववा प्रश्न मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांचा आहे, आणि त्याला 1 गुण असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच भेटीत, त्या माणसाला दाराबाहेर जाऊ देण्याआधी त्यावर बोलले पाहिजे. मूल्यमापनात आम्ही हे एक मुद्दाम तपासतो: नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसलेल्या प्रत्येक फॉर्मवर त्याच तारखेची जोखमीची नोंद आहे का आणि सुपरव्हायझरला किती वाजता कळवले.

गुण द्यायचे तर दहापैकी सात की साडेसात यात वेळ घालवू नये. चार पायऱ्या पुरतात: अजून येत नाही, आठवण करून दिल्यावर येते, स्वतःहून येते, अवघड प्रसंगातही येते. प्रत्येक पायरीसमोर पुरावा लिहायचा, कोणत्या तारखेचे सेशन आणि कोणते वाक्य. ‘सहानुभूती चांगली आहे’ असा शेरा कुणाच्याच उपयोगाचा नाही. ‘तिसऱ्या सेशनमध्ये क्लायंट रडू लागल्यावर चाळीस सेकंद शांत राहिली, घाईने टिश्यू पुढे केला नाही’ हा शेरा उपयोगाचा आहे. बाराव्या आठवड्याला लेखी मध्यावधी आढावा झालाच पाहिजे. शेवटच्या दिवशी समजलेली उणीव दुरुस्त करायला इंटर्नकडे दिवसच उरलेला नसतो.

क्लायंटचे मतही घ्यावे, पण ‘समुपदेशक कशी वाटली?’ असे विचारून काही हाती लागत नाही. आपल्याकडे माणूस फुकट सेवा देणाऱ्या मुलीबद्दल वाईट लिहीत नाही. ‘ताई खूप चांगल्या आहेत’ असेच येते. त्याऐवजी ‘आज जे बोलायचं होतं ते बोलता आलं का?’ आणि ‘काही बोलायचं राहून गेलं का?’ हे दोन प्रश्न, इंटर्न खोलीत नसताना.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इकडे कुणाचे लक्ष नाही. इंटर्न शिकतात इंग्रजीत, सेशन होते मराठीत, नोंद पुन्हा इंग्रजीत आणि सुपरव्हिजन मिश्र भाषेत. क्लायंट म्हणते, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘कशात मन लागत नाही’, ‘बाहेरचं झालंय असं सासूबाई म्हणतात’. नोंदीत या सगळ्याचा ‘एंग्झायटी’ होतो. ‘बाहेरचं झालंय’ हे कोण म्हणते, क्लायंटला स्वतःला ते पटते का, देवऋषाकडे किती पैसे गेले, तिथे मारहाण झाली का, हे सगळे त्या एका शब्दाखाली गाडले जाते. म्हणून क्लायंटचे महत्त्वाचे शब्द त्याच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहिलेले असावेत आणि मराठी सेशनचे मूल्यमापन मराठी ऐकून करणाऱ्यानेच करावे. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या इंटर्नला पुण्याच्या बोलीत बोलत नाही म्हणून ‘संवादकौशल्य’ रकान्यात गुण कापले जाऊ नयेत. ती ज्यांच्याशी बोलणार आहे त्यांना तिचीच बोली जवळची आहे.

आता अडचण कुठे आहे ते. एका सुपरव्हायझरकडे सहा इंटर्न असतील तर वैयक्तिक सहा तास, गटाचा दीड तास, प्रत्येकाचे ध्वनिमुद्रण किंवा व्हर्बेटिम तपासायला पाऊण तास म्हणजे साडेचार. आठवड्याला बारा तास झाले. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला एकच शिक्षक सुपरव्हायझर म्हणून दाखवला, तर नुसते वैयक्तिक सुपरव्हिजनच आठवड्याला तीस तासांचे होते. ते होऊ शकत नाही, म्हणून होत नाही. वहीत मात्र लागते. महाविद्यालय समजते की इंटर्न जिथे जातो ती संस्था बघेल, संस्था समजते की महाविद्यालय बघेल. सुपरव्हिजनचे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरले पाहिजेत आणि बाहेरच्या सुपरव्हायझरला मानधन दिले पाहिजे. इंटर्नशिपच्या नावाने विद्यार्थ्याकडून शुल्क घेतले जात असेल, तर त्यातून पहिला खर्च हाच व्हावा.

सुपरव्हायझर आणि इंटर्नचा स्वतःचा समुपदेशक या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात. इंटर्नने स्वतः समुपदेशन घ्यावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे, पण तिथे काय बोलले ते गुण देणाऱ्या माणसापर्यंत जाता कामा नये. गटात ‘तुमच्या लहानपणातला दुखरा प्रसंग सांगा’ म्हणायचे आणि त्याच गटाचे अंतर्गत गुण त्याच शिक्षकाने द्यायचे, हा प्रकार थांबला पाहिजे.

शाळेत एकट्या इंटर्नला समुपदेशक म्हणून बसवू नये. तिला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात टेबल मिळते, मध्येच कुणी खडू घ्यायला येते आणि चार वाजता मुख्याध्यापक विचारतात, ‘काय म्हणाला तो?’ बावीस-तेवीस वर्षांची मुलगी मुख्याध्यापकांना नाही म्हणू शकत नाही. महाविद्यालयाने शाळेशी लेखी करार करून त्यात हे आधीच लिहावे: बंद होणारे दार, पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, नोंदी कुणाच्या ताब्यात, आणि शाळेला काय कळवले जाईल, काय नाही.

नापास करण्याची सोय हवी. ज्याचे कौशल्य कमी पडते त्याला सहा आठवड्यांची लेखी सुधारणा-योजना द्यावी, त्यात नेमके वर्तन असावे: ‘पहिल्या पंधरा मिनिटांत सल्ला द्यायचा नाही, प्रत्येक सेशनमध्ये किमान तीनदा ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे, दोन ध्वनिमुद्रणे ऐकवायची.’ त्यानंतरही जमले नाही तर तास वाढवावेत किंवा थांबवावे. क्लायंटचा मेसेज स्टेटसला टाकणे, सेशनबाहेर भेटणे, पैसे किंवा भेटवस्तू मागणे यांना मात्र सुधारणा-योजना नाही. त्या दिवसापासून क्लायंट काढून घ्यायचे आणि चौकशी करायची. इंटर्नलाही त्याच्या मूल्यमापनाची प्रत, उत्तर द्यायची संधी आणि सुपरव्हायझरपेक्षा वेगळ्या व्यक्तीकडे दाद मागण्याची वाट असावी. एकाच माणसाच्या नाराजीवर कुणाचे वर्ष जाऊ नये.

आणि निरोपाचे. दर वर्षी एप्रिलमध्ये तास पूर्ण होतात, इंटर्न जातात आणि ज्यांनी पहिल्यांदाच कुणापाशी मन मोकळे केले ती माणसे पुढच्या बुधवारी येऊन बंद दार बघतात. आपण काही चुकीचे बोललो म्हणून ताई गेल्या, असे मुलांना वाटते. शेवटची तारीख क्लायंटला किमान चार आठवडे आधी सांगावी, पुढे कुणाकडे जायचे त्या व्यक्तीबरोबर एक भेट इंटर्नच्या उपस्थितीत व्हावी, आणि प्रत्येक चालू केसचे एक पानी हस्तांतर-टिपण जमा झाल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही होऊ नये. विद्यापीठांनी आणि राज्य परिषदेने प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरवावा, त्यात एकूण तास, प्रत्यक्ष तास, सुपरव्हिजनचे तास, ऐकलेल्या सेशनची संख्या आणि सुपरव्हायझरची पात्रता असे पाच रकाने ठेवावेत. तोवर नेमणूक करणाऱ्या शाळांनी मुलाखतीत हे पाच प्रश्न स्वतःच विचारावेत. ज्यांनी काम केले आहे त्यांना उत्तरे तोंडपाठ असतात.

आपले,
समुपदेशन-प्रशिक्षणातील काही सुपरव्हायझर, पुणे